ओळीत आत्या नाही

आमच्या लोकांच्या बेंगळुरात दोन दफनभूमी आहेत. एकीला आम्ही थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. नवख्या माणसाला वाटतं, कुणाच्या तरी दोन बायकांविषयी बोलणं चाललंय. नोकरीत असताना एकदा मी म्हणून गेले, "काल दिवसभर धाकटीकडे होते, पाठ धरलीय." शेजारच्या टेबलावर सोलापूरच्या एक बाई बसायच्या. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आणि थोरलीला चालतं का हो?" मी म्हटलं, थोरलीची काही तक्रार नाही, तिथं कुणी बोलतच नाही. त्या दिवसानंतर त्या बाई माझ्या डब्यातलं काही खाईनात.

पूर्ण नाव खरं तर थोरली माती आणि धाकटी माती. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. आम्ही इथं कधी आलो ते कुणालाच नीट ठाऊक नाही. कुणी म्हणतं फौजेबरोबर आलो, कुणी म्हणतं कापडाच्या गाठोड्यांबरोबर. माझ्या मते दोन्हीत फार फरक नाही, ओझं खांद्यावरच होतं. पेठेत दुकानं थाटली, घरं बांधली, आणि घरं झाली म्हणजे मेल्यावर जायला जागा लागतेच. म्हणून थोरली. ती चिकपेटच्या पलीकडे, हार्डवेअरच्या गोदामांच्या मागच्या बाजूला आहे. फाटकाला लोखंडी पाइपांच्या मोळ्या टेकवून ठेवलेल्या असतात, त्या बाजूला करायला सांगावं लागतं आणि गोदामवाला दर वेळी "स्वल्प थांबा" म्हणून चहा प्यायला जातो. थोरली माझ्या जन्माच्या आधीच भरली.

मग धाकटी घेतली, बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या अंगाला. तेव्हा तिथं नाचणीची शेतं होती. बैलगाडीतून न्यायचे, जाऊन यायला अख्खा दिवस लागायचा असं आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. आता मोटारीनं जातो, तरी अख्खाच दिवस लागतो. भोवती काचेच्या इमारती आल्या, मग उंच फ्लॅट आले. आमच्या बाजूला गच्च्या असलेले फ्लॅट विकताना दलाल 'ग्रीन व्ह्यू' म्हणून विकतो. हिरवं आहेच, त्यात तो खोटं बोलत नाही. वारा उलटा फिरला की तळ्याचा फेस उडून येतो आणि दगडांवर बसतो. पाहणाऱ्याला वाटावं, कुणी सगळ्यांची दाढी करायला घेतलीय.

आमच्या दगडांवर नावं नसतात. ही गोष्ट मला लहानपणी इतकी साधी वाटायची की दुसऱ्या लोकांच्या थडग्यांवर नाव आणि साल बघून मला हसू यायचं, हे काय शाळेच्या हजेरीसारखं. थोरलीत फाटकाजवळ सगळ्यांत जुना दगड आहे. त्यावर वेड्यावाकड्या बाळबोध अक्षरांत एकच शब्द आहे, 'अहो'. आमच्यात सांगतात ते असं. पहिला माणूस गेला, दगड घडवणारा आला, आणि नाव काय लिहायचं म्हणून त्यानं बायकोला विचारलं. ती नवऱ्याचं नाव कसं घेणार? दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शेवटी वैतागून त्यानं म्हटलं, "मग हाक काय मारत होतीस?" ती म्हणाली, "अहो." त्यानं तेच कोरलं.

खरं असेल, खोटं असेल, पण तिथपासून रीत पडली. दगड जो बसवतो तो आपण मारत असलेली हाक लिहितो. दुसरं काही नाही. मागून मागून अक्षरं कानडी झाली, शब्द आपलेच राहिले. अण्णा, आई, अव्वा, अज्जा, अज्जी, काका, वहिनी. सुनेनं सासूसाठी बसवलेला असेल तर 'अत्ते', कारण आमच्या घरांत सुना सासूला कानडीप्रमाणे अत्ते म्हणतात. एकेका घराची एकेक ओळ. कोणाची ओळ कुठली हे ठाऊक असतं, ओळीतला कोणता अण्णा कोणाचा, हे मात्र दोन पिढ्यांत विसरायला होतं.

आणि म्हणूनच आमची साफसफाई इतरांपेक्षा वेगळी. महालय अमावस्येच्या आधीच्या रविवारी सगळे जमतात. विळा, खराटा, काथ्याची चुंबळ आणि बादली घेऊन. साबण नाही, आम्ल तर नाहीच. एका हुशार गृहस्थानं मागे फरशीचं आम्ल आणून दगड चकाचक केला आणि त्याबरोबर आपल्या आजोबांची अक्षरंही धुऊन टाकली. आता तो अज्जा आहे की अज्जी, हे त्यालाच सांगता येत नाही. आधी गाजरगवत उपटायचं, मग दगड ओले करून काथ्यानं घासायचे, मग कडेनं चुना ओढायचा. आपली ओळ झाली की बादली घेऊन फिरायचं. ज्या घराचं आता कुणी उरलं नाही त्याच्या दगडावर आपली हाक दिसली तर पाणी घालायचं. अण्णा म्हणणाऱ्यानं कुठल्याही अण्णाला घालावं. 'ज्याचा शब्द, त्याचं पाणी' अशी आमच्यात म्हणच आहे. त्यामुळे धाकटीत कुणीही कोरडं राहत नाही.

माझी आत्या या दिवशी घडीची खुर्ची घेऊन यायची. ती अण्णांची मोठी बहीण. मला कळायला लागल्यापासून आमच्याच घरात. मी लग्न केलं नाही, अण्णा गेले, मग आई गेली, भाऊ बायकामुलाला घेऊन मारतहळ्ळीला राहायला गेला, आणि जयनगरच्या घरात आम्ही दोघी राहिलो. दोघीही तोंडाच्या फटकळ. सकाळच्या कॉफीपासून आमचं भांडण सुरू व्हायचं ते रात्री दिवा मालवताना, "उद्या बोलते तुझ्याशी" यावर थांबायचं. त्यात दोघींचंही छान चाललं होतं.

तिचं लग्न झालेलं होतं. बेळगावकडं दिलेली. ती तिथं जेमतेम एक पावसाळा राहिली आणि एकटी रेल्वेत बसून परत आली. का, ते तिनं मला एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता. "माझी अत्ते तांदळाच्या डब्यावर बसायची गं," ती म्हणाली. "खरोखर बसायची. बाकी सगळ्यांचं जेवण-ऊट झालं की उठायची, आणि मला म्हणायची, आता उरलं असेल तर घे." नवरा? "नवरा चांगला होता. समोर बसून बघायचा." एवढं सांगून तिनं सुपातला एक खडा काढून फेकला. फारकत कधी झाली नाही, दुसरं लग्नही नाही. तो गेल्याचं कधीतरी कळलं, तेव्हा तिनं आंघोळ केली आणि पुन्हा स्वयंपाकाला लागली.

धाकटीत आमची ओळ करंजाच्या झाडाखाली आहे. झाडापासून पहिला दगड 'आई', म्हणजे आत्याची आणि अण्णांची आई, तो अण्णांनी बसवलेला. मग थोडी मोकळी जागा. मग 'अण्णा', तो मी आणि भावानं बसवलेला, आणि त्याच्या पलीकडे पुन्हा एक 'आई', आमची. तीन वर्षांमागे साफसफाईच्या दिवशी आत्या खुर्ची सरकवत सरकवत त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. मी चुना ओढत होते.

"इथं माझी सोय कर," ती म्हणाली.

"खुर्ची जरा सावलीत घे. बोलू नकोस काहीतरी."

"सावलीतच आहे. म्हणूनच म्हणतेय. इथं आईच्या शेजारी. बाकी मला काही नको."

मला वाटलं होतं, यात सोय करायची ती काय. जागा आमची, ओळ आमची. पण चुन्याचा डबा उचलून फाटकाशी आले तेव्हा एका पंचांनी मला हळूच बाजूला घेतलं. आमच्या मातीचा कारभार तीन पंच बघतात. त्यांनी आत्याला तिथं बसून जमिनीकडे बोट दाखवताना पाहिलं होतं. ते म्हणाले, "अक्काला सांगून ठेव. तसं होत नसतं."

आमच्यात म्हणतात, 'लेक दिली, माती दिली'. लग्न झालेल्या मुलीची माती सासरची. ती माहेरी येऊन शंभर वर्षं राहिली तरी मेल्यावर सासरच्या ओळीत जायचं. मला हे ऐकून माहीत होतं, पण घरातल्या माणसाला लागू होईल असं वाटलं नव्हतं. गंमत अशी की माझी स्वतःची काही अडचण नव्हती. मी बिनलग्नाची, त्यामुळे मी बापाच्या ओळीतली. माझ्याआधी अशी बाई आमच्यात झालीच नाही, कारण पोरगी बिनलग्नाची राहण्याआधी कुणीतरी तिला कुणाच्या तरी गळ्यात बांधायचंच. एका पावसाळ्याच्या लग्नापायी आत्याची माती गेली आणि मी लग्न केलं नाही म्हणून माझी शाबूत राहिली. घरी येऊन तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बघ. मी म्हणत होते ना, तू शहाणी आहेस." आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती.

मी तिला म्हटलं, मी भेटून येते पंचांना. ती म्हणाली, "बेडा, नको. तू भांडशील. मी येते." भांडणार नाही असं मी म्हटलं नाही, कारण भांडणारच होते.

तिघांत वयानं थोरल्या पंचांचं चिकपेटला साड्यांचं घाऊक दुकान आहे. आम्ही मेट्रोनं गेलो. आत्याला मेट्रो फार आवडायची, तिच्या मते सरकारनं केलेली एकच थंडगार गोष्ट. स्टेशनापासून दुकानापर्यंतच्या गर्दीत तिनं माझा हात धरला नाही, माझ्या पिशवीचा बंद धरला. थोरले पंच तिच्याहून लहान, पण सत्तरीच्या पुढचे. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, गादीवर मांडी घालून बसलेले. त्यांनी उठून "या अक्का" म्हणून तिला तक्क्याशी बसवलं, कॉफी मागवली, आणि मग शांतपणे नाही म्हणाले.

"तिकडच्या लोकांना फोन करतो," ते म्हणाले. "आपलीच माणसं आहेत. नवऱ्याच्या शेजारी जागा देतील. मानानं देतील."

"त्या घरात मला एक रात्र झोप लागली नाही," आत्या म्हणाली. "तिथं कायमची कशी लागायची?"

पंच हसले, पण मान हलवलीच. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात गेलं. म्हणाले, "अक्का, ओळ म्हणजे काय? ओळीत ज्याला शब्द आहे त्याची ती ओळ. थोरली बघा, धाकटी बघा. अण्णा आहे, काका आहे, वहिनी आहे, अत्ते आहे. लेकीबाळींचा शब्दच नाही. ताई नाही, अक्का नाही, आत्या नाही. जिथं शब्द नाही तिथं जागा कशी म्हणायची?"

मी तोंड उघडलं. वहिनी काय आभाळातून पडली का, ती कुणाची तरी आत्या नव्हती का, तुमच्या दोन्ही मात्यांत अर्ध्या बायका दुसऱ्यांच्या लेकी पुरल्यात, असं बरंच काही म्हणाले. आवाज चढला असणार, कारण खाली गिऱ्हाइकाला पदर दाखवणारा माणूस वर बघायला लागला. आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग ती पंचांकडे वळली आणि भांडणाचा काही सूरच नसलेल्या आवाजात विचारलं, "तुझी आत्या कुठं आहे रे?"

पंच म्हणाले, "कोण?"

"तुझ्या बापाची बहीण. गोरी होती. मी पाहिलीय तिला."

"हो, हो. ती ना." त्यांनी समोरची साडी उचलली आणि घडी घालायला लागले, ती आधीच घडी घातलेली होती. "हुबळीकडं दिली होती. पदराच्या गाठीत खडीसाखर ठेवायची. मला एकट्याला द्यायची, भावांना नाही." त्यांनी साडीची कड सरळ केली. "तिकडंच कुठंतरी असेल. आम्हाला पत्र आलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी गेलो नाही कधी."

"सरी, बरं," आत्या म्हणाली आणि कॉफीचा पेला उपडा ठेवून उठली. पंच जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "बघू." आमच्या पंचांचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे लहान मुलालाही कळतं. मी मेट्रोत घुश्शात बसले. आत्या खिडकीबाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, "कॉफी पातळ होती." मला तिचा रागही आला आणि भरूनही आलं.

पुढच्या वर्षीचा पावसाळा सरत आला तेव्हा थोरल्या पंचांचा फोन आला. कसं आहे, काय आहे, काही नाही. एकदम म्हणाले, "दगड आधी बसवा."

मी विचारलं, "कसला दगड? माणूस जिवंत आहे, समोर बसून शेंगा सोलतंय."

"असू दे की. जिवंतपणी दगड बसवू नये असं कुठं कुणी म्हटलेलं नाही. मी दोन्ही पंचांना विचारलं, त्यांनाही आठवत नाही. ओळीत शब्द नाही म्हणून जागा नाही, एवढंच आहे ना? शब्द बसवा. एकदा बसला की मग तो आहे." आणि वर, "अक्काला म्हणावं, ओळीच्या बाहेरचं मी काही केलेलं नाही."

मी फोन ठेवला तेव्हा हसत होते की रडत होते, मलाच कळेना. आत्यानं शेंगांचं ताट बाजूला केलं. "मारवाड्याच्या वरताण निघाला," ती म्हणाली. "चल, दगड बघायला."

शब्द माझाच होता, कारण दगड मी बसवणार होते. दगड घडवणारा होसूर रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, आमच्या लोकांची कामं त्याच्या बापापासून त्याच्याकडेच. मराठी त्याला येत नाही, आमच्या हाका मात्र सगळ्या पाठ. कानडी अक्षरांत मी 'आत्या' लिहून दिलं, आकार मोठा काढून, म्हणजे चूक नको. आत्यानं दगड हातानं चाचपून पाहिला, राखी रंगाचा निवडला. फार गुळगुळीत नको, म्हणाली, पाणी ठरलं पाहिजे.

ठरल्या दिवशी भाचा, म्हणजे मारतहळ्ळीच्या माझ्या भावाचा मुलगा, ऑफिसातून अर्धी रजा काढून आम्हाला धाकटीला घेऊन गेला. "आत्या, लिटरली एवढंसं अंतर आहे आणि मॅप दीड तास दाखवतोय," असं मला म्हणत म्हणत. पोहोचलो तर दगड आधीच टेम्पोतून उतरवून करंजाला टेकवून ठेवला होता आणि तिन्ही पंच उभे होते. वरचं पोतं काढलं. सुबक, खोल, एकसारखी अक्षरं. 'अत्ते'.

दगडवाला खुशीत होता. कानडीत म्हणाला, ताई, तुमच्या कागदावर लिहिताना चुकलं होतं, मी दुरुस्त करून घातलं. त्याचं तरी काय चुकलं? आमच्यासाठीच त्यानं आजवर किती अत्ते कोरल्या होत्या, आत्या एकही नाही. त्यात कानडीत बापाची बहीण म्हणजेही अत्ते आणि सासू म्हणजेही अत्ते. पण आमच्या मातीत त्या शब्दाचा एकच अर्थ होतो.

मी आत्याकडे बघायचं टाळत होते. सगळं आयुष्य जिच्यापासून लांब काढलं ती बाई दगडावर येऊन बसली होती, तांदळाच्या डब्यावर बसायची तशी. तेवढ्यात आवाज आला, आणि बघते तर आत्या हसत होती. खुर्चीत पुढे वाकून, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसत होती. "अय्यो," ती म्हणाली, "इथंपण आली! इथंपण जागा धरून बसली!" भाच्याला काही कळलं नाही, पण तोही हसायला लागला.

मग धाकट्या पंचांनी मधेच शहाणपणा काढला. त्यांचं म्हणणं, हे बरंच झालं. अत्ते हा शब्द ओळींत आहेच, कुणी बोट ठेवणार नाही. राहू द्या तसंच. पुढं मागं कुणी वाद घातला तर 'आत्या' टिकेल न टिकेल, 'अत्ते' पक्की. जागा मिळाल्याशी कारण.

आणि हे खरं होतं. मला क्षणभर पटलंसुद्धा. जागा हवी होती ना, आईच्या शेजारची? ती या शब्दानं हमखास मिळत होती.

आत्यानं डोळे पुसले. "बेडा," ती म्हणाली. "मी कुणाची सासू नाही. मला सून नाही, मुलगा नाही. मला अत्ते म्हणून हाक मारणारं माणूस या जगात नाही. आणि ही," तिनं माझ्याकडे बोट केलं, "ही जन्मल्यापासून आत्या आत्या करून माझं डोकं खातेय. ते लिहा. त्यावर जागा मिळत असेल तर द्या, नाहीतर राहू दे, टाका मला कुठंही."

धाकटे पंच थोरल्यांकडे बघायला लागले. थोरले पंच जमिनीकडे बघत होते. मग ते दगडवाल्याला म्हणाले, "उलटा कर. पाठीमागं कोर. आणि कागद समोर ठेवून कोर, डोक्यातून नको."

दगडवाल्यानं तिथंच, करंजाखाली, दगड पालथा घातला आणि छिन्नी घेऊन बसला. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. आत्या खुर्चीतून एकेक अक्षर उमटताना बघत होती. भाच्यानं डोसे आणले ते तिनं खाल्ले, मधूनच, "तो काना जरा लांब घे," असं कानडीत सांगितलं. माणसाला आपला दगड कोरताना बघायला मिळतो असं मी दुसरं कुणाचं ऐकलेलं नाही. दगड बसवला तेव्हा 'आत्या' आमच्याकडं तोंड करून होती आणि 'अत्ते' मागं, फ्लॅटवाल्यांकडं. "तिला ग्रीन व्ह्यू दिला," आत्या म्हणाली. "आता तरी तक्रार करणार नाही."

त्यानंतर ती दीड हिवाळा होती. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी कॉफी प्यायली, पातळ झालीय म्हणाली, आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसली. मी भांडायला शब्द जुळवत बाहेर गेले तेव्हा पेपर मांडीवर होता आणि ती नव्हती. मी तिला दोनदा हाक मारली. मग तिथंच खाली बसून राहिले, कारण ज्या हाकेला साठ वर्षं लगेच उलट उत्तर आलं त्या हाकेला काही आलं नाही.

माती देताना काही अडचण आली नाही. दगड आधीच होता. थोरले पंच स्वतः उभे राहिले आणि आईच्या शेजारी, करंजाच्या सावलीत, तिला ठेवलं. मीठ घातलं, विभूती घातली. कुणी काही विचारलं नाही.

या वर्षी महालयाच्या आधीच्या रविवारी मी पहिल्यांदाच तिच्याशिवाय धाकटीला निघाले. रिंग रोडला कुठंतरी पाइप फुटलेला, मोटारी जागच्या हलेनात. भाचा स्टीअरिंगवर बोटं वाजवत होता आणि मी मागच्या सीटवर बादली मांडीवर घेऊन बसले होते. मनात एकच होतं, सगळ्यांच्या ओळी धुऊन झाल्या असतील आणि आमची तेवढी घासायची राहिली असेल. अण्णांना आणि दोन्ही आयांना कुणी ना कुणी पाणी घातलंच असेल, ते शब्द सगळ्यांचे आहेत. पण आत्या दोन्ही मात्यांत एकच. भाऊ परगावी गेलेला, तिला आमच्याशिवाय कोण घालणार? म्हणूनच मी एवढी घायकुतीला आले होते. भाच्याला दोनदा ओरडलेसुद्धा, जणू पाइप त्यानंच फोडला होता.

पोहोचलो तेव्हा लोक परतायला लागले होते. मी नळावर बादली भरली आणि जवळजवळ पळतच करंजाखाली गेले.

दगड ओला होता. नुसता शिंतोडलेला नाही, वरपासून खालपर्यंत ओला, काथ्यानं घासलेला, अक्षरांच्या खाचांत पाणी साचलेलं. पायाशी माती चिखल झाली होती, म्हणजे एका बादलीचं ते काम नव्हतं. मोगऱ्याचे तीन-चार गजरे होते, वेगवेगळ्या दुकानांतले, कुणाचा ताजा, कुणाचा आदल्या दिवसाचा. एक केळं. आणि दगडाच्या डोक्यावर, पाण्यात अर्धवट विरघळत चाललेला, खडीसाखरेचा एक खडा.

मी वळून पाहिलं. थोरले पंच त्यांच्या ओळीत पाठमोरे उभे होते आणि चुन्याच्या डब्यात उगीच ढवळत होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. त्यांनी मागं पाहिलं नाही.

भाचा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "आत्या," तो म्हणाला, "साखर कुणी ठेवली?"

"एका भाच्यानं," मी म्हटलं.

त्याला कळलं की नाही, मी विचारलं नाही. आम्ही आमची बादली त्यावर ओतली. खडा तेवढा हातात धरून ठेवला आणि मग परत जागेवर ठेवला.